जोडीदाराचा देश आणि जाब देण्याची जबाबदारी



आफ्रिकेतल्या जोडीदाराचा देश आपला मानून तिथल्या लोकांसाठी आयुष्य वेचणाऱ्या तीन स्त्रियांविषयी आज बोलायचं आहे. रूथ खामा बोत्स्वानात गेल्या, पेगी अपिया घानात गेल्या आणि जॅनेट मोंडलाने मोझांबिकच्या स्वातंत्र्यलढ्यात गेल्या. पहिल्या दोघी इंग्लिश, तिसरी अमेरिकन. अशा आयुष्यांविषयी बोलायला उभं राहिलं की त्याग, प्रेम, सेवा हे शब्द आपसूक तोंडी येतात. तिघींच्या वाट्याला त्याग आला होता, आणि तो लहान नव्हता. पण त्यागाला नमस्कार करून थांबलो तर एक महत्त्वाचा प्रश्न बाजूलाच राहतो. आफ्रिकेचं भलं करायला निघालेल्यांची कधी वाण होती का? मिशनरी गेले, वसाहतीचे अधिकारी गेले, पुढे तज्ज्ञ आणि सल्लागार गेले. त्यांतल्या अनेकांनी तळमळीने कष्ट केले. मग या तिघींचं जाणं वेगळं कशामुळे ठरतं? मला वाटतं, मदत किती झाली याच्या हिशेबावरून ते ठरणार नाही. ज्यांच्यासाठी काम करायचं त्या लोकांना 'नको' म्हणायचा, जाब विचारायचा, काम नेमून द्यायचा अधिकार होता का आणि बाहेरून आलेल्या व्यक्तीने तो मानला का, हे आधी पाहावं लागतं. नेमका हा अधिकार वसाहतीच्या काळात आफ्रिकेतल्या माणसांकडून काढून घेतलेला होता. म्हणून या प्रश्नाला इतकं वजन आहे.

रूथ विल्यम्स लंडनच्या. वडील हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेत अधिकारी होते. महायुद्धात रूथ यांनी हवाई दलाच्या महिला शाखेत काम केलं आणि नंतर लॉइड्सच्या विमा बाजारात कारकुनी केली. सेरेत्से खामा कायदा शिकायला लंडनला आले होते. बेचुआनालँड, म्हणजे पुढचा बोत्स्वाना, या ब्रिटिश संरक्षित मुलखातल्या बामांग्वाटो जमातीचे ते वारस. त्यांच्या लहानपणीच वडील वारले, म्हणून चुलते चेकेडी खामा गादी सांभाळत होते. सप्टेंबर १९४८ मध्ये, चर्चने लग्न लावायचं नाकारल्यावर, दोघांनी केन्सिंग्टनच्या नोंदणी कार्यालयात लग्न केलं. इथपर्यंतची कथा चित्रपटाला शोभणारी आहे, आणि २०१६ साली तिच्यावर चित्रपट निघालाही. पण माझ्या विषयाची सुरुवात होते ती सेरोवे या गावी, जमातीच्या सभेत. तिला तिथे क्गोत्ला म्हणतात. जाड ओंडके उभे पुरून केलेलं अर्धगोल कुंपण, आत मोकळी जमीन, आणि घरून आपापली बसकी स्टुलं घेऊन आलेले पुरुष. कुणीही उठून बोलावं, मुख्याविरुद्धही बोलावं, आणि मुख्याने सगळ्यांचं ऐकून घेऊन शेवटी बोलावं, ही तिथली रीत. या लग्नावर तिथे तीनदा सभा भरली. पहिल्या दोन वेळा कौल विरोधात गेला. चेकेडींचं म्हणणं असं, की मुख्याची बायको ही साऱ्या जमातीची आई. तिची निवड एकट्या मुलाने परस्पर करायची नसते. या म्हणण्याला वर्णद्वेष म्हणून झटकून टाकणं अन्यायाचं होईल. जमातीचा हक्क डावलला गेला, ही त्यामागची तक्रार होती आणि ती खरी होती. जून १९४९ च्या तिसऱ्या सभेत हजारो लोक जमले. विरोध असलेल्यांनी उभं राहावं, असं सेरेत्सेंनी विचारलं तेव्हा मोजके वडीलधारे उठले; मान्य असलेल्यांना विचारलं तेव्हा अवघी सभा उठली. चेकेडींनाच गादी हवी आहे, या संशयाचाही या बदलात वाटा होता, हे सांगायला हवं. आणि हेही सांगायला हवं, की त्या सभेत बायकांना बोलायचा हक्क नव्हता. पण रूथ सेरोवेला पोचल्या त्या ऑगस्ट १९४९ मध्ये, लोकांनी होकार दिल्यानंतर. आफ्रिकेत भलं करायला गेलेल्या किती जणांना आधी असं विचारून प्रवेश मिळाला होता?

लोकांनी दिलेला हा होकार ब्रिटिश सरकारने अमान्य केला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेने मिश्र विवाहांना बंदी करणारा कायदा केला होता. शेजारच्या मुलखात एका काळ्या राजाची गोरी राणी गादीवर बसावी हे त्या सरकारला सहन होणारं नव्हतं, आणि दक्षिण आफ्रिकेचं सोनं आणि युरेनियम लंडनला हवं होतं. चौकशी समिती नेमली गेली. सेरेत्से राज्य करायला लायक आहेत, अडचण फक्त लग्नाची, असं अहवालातून निघालं, तेव्हा अहवाल दडपला. १९५० च्या सुरुवातीला सेरेत्सेंना बोलणी करण्यासाठी लंडनला बोलावलं आणि मार्चमध्ये तिथे सांगितलं, की पाच वर्षं मायदेशी परतायचं नाही. निमंत्रण रूथ यांनाही होतं, पण लोकांना दगाफटक्याची शंका होती. रूथ गेल्या नाहीत. गर्भवती असताना त्या सेरोवेला राहिल्या. मग ब्रिटिश उच्चायुक्त सर एव्हलिन बेअरिंग हा निर्णय सांगायला स्वतः सेरोवेला आले. ठरल्या वेळी ते क्गोत्लात पोचले, तेव्हा ती मोठी जागा रिकामी होती. जमातीतला एकही माणूस आला नाही. ज्या सभेने रूथ यांना आत घेतलं होतं, त्या सभेने साम्राज्याच्या प्रतिनिधीचं म्हणणं ऐकायचंच नाकारलं. चर्चिल विरोधी पक्षात असताना या प्रकरणावर कडक बोलले होते. त्यांच्याच सरकारने १९५२ साली ही बंदी कायमची केली. सेरोवेत दंगल झाली, त्यात तीन पोलीस मेले. आणि इतकं होऊनही लोकांनी दुसरा मुख्य निवडून द्यायला नकार दिला. आता विचारा, या सहा-सात वर्षांत रूथ यांनी बामांग्वाटोंसाठी काय केलं? शाळा काढली नाही, दवाखाना काढला नाही. त्या त्यांच्या बाजूला राहिल्या, आणि त्यासाठी स्वतःच्या देशाच्या सरकारशी वैर पत्करलं. मदतीच्या यादीत या गोष्टीला रकाना नसतो, पण लोकांनी ती ओळखली.

१९५६ साली सेरेत्सेंनी गादीवरचा हक्क सोडला, तेव्हा दोघांना साधे नागरिक म्हणून परतता आलं. पुढचा इतिहास तुम्हाला माहीत असेल. सेरेत्सेंनी १९६२ साली पक्ष काढला, १९६५ ची निवडणूक जिंकली, आणि ३० सप्टेंबर १९६६ रोजी बोत्स्वाना स्वतंत्र झाला. तेव्हा तो जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एक होता. डांबरी रस्ता जेमतेम १२ किलोमीटर. १९६५ पर्यंत मुलखाचा कारभार चालायचा माफिकेंगहून, म्हणजे हद्दीबाहेर, दक्षिण आफ्रिकेतून! त्यात अनेक वर्षांच्या दुष्काळाने गुरं मेलेली, आणि गुरं हेच तिथलं धन. १९६७ मध्ये ओरापाला हिरे सापडले ते बामांग्वाटोंच्याच मुलखात. पण खनिजांवरचा हक्क एका जमातीचा न राहता साऱ्या राष्ट्राचा झाला. या काळात रूथ यांनी रेड क्रॉस आणि बोत्स्वानाच्या महिला परिषदेचं काम अंगावर घेतलं. ते वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येणारं काम नव्हतं. पण या संस्था बोत्स्वानाच्या होत्या, त्यांतल्या बायका बोत्स्वानाच्या होत्या, आणि रूथ त्यांच्या बैठकीत बसून काम करत होत्या. जुलै १९८० मध्ये सेरेत्से वारले. जगाची समजूत अशी, की आता त्या इंग्लंडला परततील. त्या परतल्या नाहीत; या देशात आले तेव्हाच मी इथली झाले, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर बावीस वर्षं त्या तिथेच राहिल्या. मे २००२ मध्ये गाबोरोन इथे त्यांचं निधन झालं आणि सेरोवेला पतीशेजारी दफन झालं.

यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो यायलाच हवा. राष्ट्राध्यक्षाच्या बायकोला तिथे राहायला जड काय? घर होतं, मान होता, पुढे मुलगा इयान २००८ ते २०१८ राष्ट्राध्यक्ष झाला. शिवाय गोऱ्या बाईने एक पाऊल टाकलं तर जगभर फोटो छापले जातात. सेरोवेतल्या ज्या बायकांनी दुष्काळात पोरं जगवली, त्यांची नावं कुठे आहेत? या आक्षेपाचा दुसरा भाग मला पूर्णपणे मान्य आहे. इतिहासाने त्या बायकांवर अन्याय केला आहे, आणि रूथ यांच्यावर कितीही बोललं तरी तो भरून निघत नाही. पहिला भाग मात्र काळाची गल्लत करतो. १९५० साली ना अध्यक्षपद होतं, ना हिरे होते, ना राष्ट्र होतं. समोर होती ती हद्दपारी, आणि रूथ यांनी त्या देशाची बाजू घेतली ती तेव्हा. सुखाच्या दिवसांत माणूस टिकतो यावरून काही सिद्ध होत नाही हे खरंच, म्हणून मी तुमचं लक्ष १९५० कडे वळवतो आहे, १९७० कडे नाही.

पण खामा घराण्याचं उदाहरण एकटं घेतलं तर माझा मुद्दा फार सोपा होतो. तिथे लोकांनी होकार दिला आणि शेवटपर्यंत पाळला. लोकच उलटले तर? म्हणून जॅनेट मोंडलाने यांच्याकडे वळू. इलिनॉय राज्यातली ही मुलगी सतरा वर्षांची असताना, १९५१ साली चर्चच्या एका शिबिरात, एदुआर्दो मोंडलाने या मोझांबिकच्या विद्यार्थ्याला भेटली. १९५६ साली दोघांचं लग्न झालं. मोझांबिक तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होतं. आपल्याला हा धागा परका नाही; १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयकडे होता, आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगालने मोझांबिकमधल्या भारतीयांवर सूड उगवला होता. गोव्यातून हुसकलेली सत्ता आफ्रिकेत अधिकच हट्टाला पेटली. जून १९६२ मध्ये दार-एस-सलाम इथे फ्रेलिमो ही मुक्तिसंघटना स्थापन झाली, एदुआर्दो तिचे अध्यक्ष झाले, आणि पुढच्या वर्षी जॅनेट लहान मुलांसह तिथे राहायला गेल्या. नीट पाहा, त्या पतीच्या देशात जाऊच शकत नव्हत्या. त्या गेल्या ते देशाबाहेर पडलेल्या लोकांकडे, निर्वासितांकडे. तिथे त्यांनी मोझांबिक इन्स्टिट्यूट उभी केली. सीमा ओलांडून आलेल्या मुलांसाठी ती माध्यमिक शाळा होती. पोर्तुगीज राजवटीत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक निरक्षर होते. लढा जिंकला तर देश चालवायला माणसं कुठून आणायची, हा प्रश्न बंदुकीइतकाच मोठा होता. फोर्ड फाउंडेशनचं पहिलं अनुदान मिळालं. पोर्तुगाल नाराज झालं आणि ते पुन्हा मिळालं नाही. मग जॅनेट स्वीडन आणि इतर नॉर्डिक देशांकडे गेल्या. सशस्त्र संघटनेला पैसे देणं ज्या सरकारांना जमत नव्हतं, त्यांना शाळेला आणि औषधांना देणं जमत होतं. पुढे फ्रेलिमोने मुक्त केलेल्या प्रदेशांतल्या शिक्षणाला आणि आरोग्याला याच मार्गाने पैसा मिळाला. जॅनेट यांना अमेरिका-युरोपातल्या सभागृहांत बोलायची भाषा आणि रीत येत होती, आणि ती त्यांनी मोझांबिकच्या कामाला लावली.

आणि तरीही मार्च १९६८ मध्ये त्याच शाळेतली मुलं त्याच शाळेविरुद्ध उठली. परदेशात उच्च शिक्षणाला पाठवा, अशी मुलांची मागणी होती. शिक्षण घेतलेल्यांनी लढ्यात उतरावं, असं संघटनेचं म्हणणं. पोर्तुगीज भाषेवर राग होता, गोऱ्या शिक्षकांवर राग होता, आणि अध्यक्षांची बायको अमेरिकन आणि गोरी, म्हणून संशयाचा रोख तिच्याकडेही वळला. शाळा बंद पडली, गोऱ्या शिक्षकांना टांझानिया सोडावं लागलं. या प्रसंगाकडे बघून कुणी म्हणेल, पाहा, कितीही केलं तरी परकं ते परकंच. मला त्यातून वेगळं दिसतं. वसाहतीत वाढलेल्या मुलांनी गोऱ्या हातातल्या संस्थेवर संशय घ्यावा यात नवल काय? शतकानुशतकं गोऱ्यांच्या हातून आलेल्या प्रत्येक गोष्टीची त्यांनी किंमत मोजली होती. मुलांच्या सगळ्या मागण्या रास्त नव्हत्या, त्यांना भडकवणारेही होते. पण प्रश्न विचारायचा हक्क त्यांचाच होता. कसोटी लागते ती त्यानंतर. ज्यांच्यासाठी केलं तेच उलटले, म्हणून हात झटकून बाजूला होणं सोपं असतं, आणि दयेपोटी काम करणारे अनेकदा तसंच करतात. जॅनेट तिथेच राहिल्या. वर्षही पुरतं उलटलं नव्हतं, तोच ३ फेब्रुवारी १९६९ रोजी पुस्तकातून आलेल्या बॉम्बने एदुआर्दो मोंडलाने यांचा बळी घेतला. जॅनेट तेव्हा पस्तिशीच्याही आत होत्या, तीन मुलांची आई होत्या, आणि अमेरिकेत त्यांचं माहेर होतं. त्यांनी इन्स्टिट्यूटचं काम १९७५ साली देश स्वतंत्र होईपर्यंत चालवलं. स्वतंत्र मोझांबिकमध्ये त्यांनी रेड क्रॉसचं काम केलं, तेही यादवी युद्धाच्या वर्षांत, आणि पुढे राष्ट्रीय एड्स परिषदेच्या कार्यकारी सचिव झाल्या. म्हणजे पती गेल्यावर तीस वर्षांनीही त्या देशाचं सरकार त्यांना काम नेमून देत होतं. लग्नाच्या नात्याने मिळालेला प्रवेश इतकी वर्षं पुरत नाही. तो रोजच्या कामातून पुन्हा मिळवावा लागतो.

पेगी अपिया यांचं उदाहरण या दोघींपेक्षा शांत आहे, पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. १९४२ साली जे क्रिप्स शिष्टाई घेऊन हिंदुस्थानात आले, त्या सर स्टॅफर्ड क्रिप्स यांची ही मुलगी. १९५३ साली लंडनमध्ये तिने जो अपिया या गोल्ड कोस्टच्या तरुण वकील-पुढाऱ्याशी लग्न केलं आणि कुमासी या असांते लोकांच्या राजधानीत राहायला गेली. गोल्ड कोस्टचं घाना झालं. १९६१ साली राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमांच्या सरकारने जो अपिया यांना स्थानबद्ध केलं आणि वर्षाहून अधिक काळ आत ठेवलं. पेगी मुलांना घेऊन कुमासीतच राहिल्या. त्यांनी तिथे काय केलं? त्यांनी ऐकलं. असांते लोक सोन्याची धूळ तोलायला पितळेची लहान वजनं वापरत. मेणाचा नमुना करायचा, त्यावर माती थापायची, मेण वितळून गेल्यावर त्या पोकळीत पितळ ओतायचं. नखाएवढ्या पितळेत मागे वळून पाहणारा पक्षी असतो, एकाच पोटाच्या दोन मगरी असतात, आणि प्रत्येक आकृतीमागे एखादी म्हण असते. पेगी ही वजनं जमवू लागल्या, प्रत्येकाचा अर्थ विचारू लागल्या, आणि पन्नासेक वर्षांत त्यातून अकान भाषेतल्या सात हजारांहून अधिक म्हणींचा संग्रह उभा राहिला. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. अनान्सी कोळ्याच्या कथाही त्यांनी मुलांसाठी लिहून काढल्या. वसाहतीच्या शाळेने आफ्रिकेला सतत शिकवायचं काम केलं होतं. इथे एका ब्रिटिश मंत्र्याची मुलगी पन्नास वर्षं शिकत राहिली, आणि शिकलेलं त्याच समाजाच्या मुलांच्या हाती परत दिलं. याला मदत म्हणायचं का? भुकेल्याला अन्न दिलं की मदत दिसते. पण परक्यांनी ज्यांची संस्कृती कमी लेखली त्यांच्याकडे विद्यार्थी होऊन जाणं, हीही त्या लोकांची बाजू घेण्याचीच रीत आहे. जो अपिया १९९० साली गेले. पेगी २००६ मध्ये, कुमासीतच.

आता कुणी विचारेल, राहिली तीच खरी आणि परतली ती कच्ची, असं म्हणायचं आहे का? तसं म्हणणं क्रूरपणाचं होईल. एन्क्रुमांची पत्नी फातिया इजिप्तची होती. इंग्रजी येत नसताना ती १९५७ साली परक्या अक्रात आली. १९६६ च्या लष्करी उठावानंतर तिला मुलांना घेऊन कैरोला परतावं लागलं. ही निवड तिची नव्हतीच, बंदुकांची होती. घानाच्या लोकांनी तिला आपलीच मानलं. २००७ साली ती वारली तेव्हा अक्रात, पतीशेजारी, तिला जागा दिली. किती वर्षं राहिली यावरून माप घेता येत नाही. लोकांनी नातं तोडलं की राखलं, हे पाहायला हवं.

याहून कठीण आक्षेप स्त्रियांच्या बाजूचा आहे. घर सोडून जायचं ते दर वेळी बायकोनेच का? आपल्याकडच्या सासुरवाशिणींच्या पिढ्यान्पिढ्यांना ठाऊक असलेलं ओझं परदेशात नेऊन त्याचा गौरव करतो आहोत का आपण? हा प्रश्न मी टाळणार नाही. त्याचं समाधानकारक उत्तर मला या तीन आयुष्यांत पूर्णपणे मिळत नाही. पण एक गोष्ट दाखवता येते. ब्रिटिश सरकारने सेरेत्सेंना सांगितलं होतं, की गादी आपण होऊन सोडा, वर्षाला अकराशे पौंड करमुक्त देऊ. त्यांनी ते झिडकारलं, आणि लग्न मोडायचा विचारही केला नाही. शेवटी गादी सोडली ती लोकांत परतण्यासाठी. तिने देश सोडला, त्याने राज्य सोडलं. आणि क्गोत्लात बोलायचा हक्क नसलेल्या बायकांच्या देशात रूथ यांनी महिला परिषदेच्या कामाला हात घातला, याला मी योगायोग मानत नाही.

शेवटचा आक्षेप. लग्नाशिवाय हे शक्यच नाही का? शक्य आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या गोव्याकडे आहे. बारदेशात १९२४ साली जन्मलेले आकिनो द ब्रागांसा मोझांबिकच्या मुक्तिलढ्यात गेले ते विचाराच्या ओढीने. स्वातंत्र्यानंतर मापुतोच्या विद्यापीठात, ज्याला एदुआर्दो मोंडलाने यांचं नाव दिलं आहे, त्यांनी आफ्रिकी अभ्यास केंद्र उभारलं. १९८२ साली त्याच केंद्रात आलेल्या पत्र-बॉम्बने त्यांच्या सहकारी रूथ फर्स्ट यांचा जीव घेतला आणि ब्रागांसा जखमी झाले; चार वर्षांनी राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्यासोबत विमान अपघातात ते गेले. पण मला सांगायचं आहे ते त्या केंद्राने हाती घेतलेल्या पहिल्या मोठ्या कामाविषयी. केंद्राने विषय निवडला तो दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत राबायला जाणाऱ्या मोझांबिकच्या मजुरांचा. संशोधक त्या मजुरांकडे गेले, त्यांच्या गावी गेले, शेतात मागे राहिलेल्या बायकामाणसांशी बोलले. नव्या सरकारला त्या वेळी हेच समजून घ्यायचं होतं, की ही माणसं घरी परतली तर त्यांना काम कुठलं द्यायचं.